बिनउंबऱ्याच्या दारातली फरशी

मी फरशी बोलतेय. फरशी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं न्हाणीघरातला हातभर चौकोन येत असेल. तो बाजूला ठेवा. मी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जाडीला बेतानं थापलेल्या भाकरीएवढी आहे. मला एकट्यानं उचलता येत नाही. कुणी शहाणा उचलायला गेलाच तर मी मधोमध मोडते, आणि तो तुकड्यांकडं बघत उभा राहतो.

आधीच सांगून टाकते, मी मायाळू वगैरे नाही. बाराशे अंशांच्या आगीत भाजून निघालेल्या अंगात काही मुरत नाही. कॉफी सांडली, पुसून घ्या. वाइन सांडली, पुसून घ्या. माणसांची भांडणं, रडणं, लाडीगोडी, सगळं माझ्यावरून निथळून जातं. त्यामुळं मी कुणाची बाजू घेणार नाही. जे झालं ते झालं तसं सांगणार आहे.

माझा जन्म सास्सुओलो गावाजवळच्या एका कारखान्यात झाला. त्या पट्ट्यात कुठल्याही घराचं दार वाजवा, आत फरशीवर पोट असणारं एक तरी माणूस सापडेल. पांढरी माती, वाळू आणि दगडाची पूड कालवून मला दाबून सपाट केलं, तोंडावर करड्या दगडाचं चित्र छापलं आणि भट्टीत सोडलं. लोक माझ्यावर हात फिरवतात आणि म्हणतात, "वा, काय दगड आहे!" मी दगड नाही, पोर्सिलीन आहे. पण आयतं कौतुक नाकारण्याइतकी मी साधीही नाही.

भट्टीबाहेर एका बाईनं मला बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, आवाज खणखणीत निघाला, आणि मी माझ्या बहिणींबरोबर लाकडी पेटीत आडवी झाले.

आम्हाला घ्यायला आले लोरिस आणि देआन्ना. हे नवराबायको जोडीनं फरश्या बसवायची कामं घेतात. तो साठीला टेकलेला, रुंद पाठीचा, उठताबसता गुडघ्यांच्या नावानं कुरकुरणारा. ती अंगानं बारीक, पण फरशी उचलताना तिच्याकडचं टोक कधी खाली गेलेलं मी पाहिलं नाही. मोठ्या फरशीचं काम जोडीचंच असतं. एकानं इकडं आणि दुसऱ्यानं तिकडं ओढलं की फरशी संपली. घरात दोघं पुष्कळ भांडतात, पण हातात फरशी असताना नाही.

या खेपेला काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पावुल्लो गावाच्या अलीकडं डोंगरात त्यांचं घर आहे. राहत्या खोल्या वरच्या मजल्यावर, जिना उभा आणि अरुंद. घराला लागून गाईंचा जुना गोठा होता. त्या गोठ्याचं स्वयंपाकघर आणि एक खोली करायची होती. खोली लोरिसच्या वडिलांसाठी. एर्मेस त्यांचं नाव, वय शहाऐंशी. बायको गेल्यापासून ते खाली गावातल्या वृद्धाश्रमात राहत होते. कसं आहे तिथं, असं कुणी विचारलं की "सूप गरम असतं" एवढंच सांगायचे. लोरिसला ते टोचायचं.

म्हाताऱ्या हाडांना ऊब हवी म्हणून जमिनीखालून गरम पाणी फिरवायचं ठरलं. लोरिसचा दोस्त वाइनेर बॉयलरची आणि नळांची कामं करतो. त्यानं नळ्यांची वेटोळी पसरली, लोरिसनं वर कोबा घातला. माझी पेटी अंगणातल्या छपराखाली होती, तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

आता या कोब्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोटात नळ्या असलेला कोबा आधी महिनाभर सुकू द्यायचा. मग फरशी बसवण्याआधी त्याला एकदा तापवून काढायचा; आज थोडा, उद्या त्याहून थोडा, असं चढवत न्यायचं आणि तसंच सावकाश उतरवायचं. पहिल्या तापात कोबा उरलंसुरलं पाणी सोडतो, आकसतो, सरकायचं तिथं सरकतो, तडकायचं तिथं तडकतो. हे सगळं त्याचं एकट्याचं उरकलं की मग आमची पाळी. आधीच आम्हाला चिकटवलं तर तो आम्हाला बरोबर घेऊन सरकू बघतो. मला सरकता येत नाही. मी तडकते.

लोरिसला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांच्या घरी तो हेच दरडावून सांगायचा. एका डॉक्टरीणबाईंनी फार घाई केली तेव्हा तो हत्यारं गुंडाळून सरळ घरी निघून आला होता.

कोबा पडेपर्यंत अर्धा ऑक्टोबर सरला. पुढच्या रविवारी लोरिस वडिलांना काम दाखवायला घेऊन आला. एर्मेसनी दारातूनच सगळीकडं नजर टाकली आणि येऊन माझ्या पेटीवर बसले. फार वजन नव्हतं.

"छान आहे," ते म्हणाले. "गाईंना इतकी ऐसपैस जागा नव्हती."

"बाबा, जरा उशीर होणारसं दिसतंय," लोरिस म्हणाला. "कोबा ओला आहे. नाताळला या तुम्ही. देआन्ना तोर्तेल्लीनीचं सूप करेल."

"म्हणजे सान मार्तीनोला नाही."

"थोडं पुढं."

"नाताळात घर कोण बदलतं, लोरिस?"

"हल्ली लोक कधीही बदलतात, बाबा."

"हल्लीचे लोक," एर्मेस म्हणाले.

सान मार्तीनो म्हणजे अकरा नोव्हेंबर. आमच्याकडं 'सान मार्तीनो करणं' म्हणजे बाडबिस्तरा आवरून घर बदलणं. अर्धेलीनं शेत करणाऱ्यांचा करार त्या दिवशी संपायचा. मालकाचा कारभारी राहा म्हणाला तर राहायचं. जा म्हणाला तर बैलगाडीत पलंग, तांब्याचं पातेलं, कोंबड्या भरायच्या, वर पोरं बसवायची आणि दुसऱ्या मालकाच्या दारात जायचं. एर्मेसचं बालपण अशा गाड्यांवर गेलं, आणि तरुणपणाचाही बराच भाग.

माझ्या पेटीवरून उठत ते म्हणाले, "लेका, त्या दिवशी मी आयुष्यभर निघालोय. एकदा पोचायचं होतं. पण राहू दे. कोबा ओला तर ओला."

आणि ते हसले. ते रागावले असते तर लोरिसला चाललं असतं. हसले ते काही त्याला सोसवलं नाही.

त्यांना पोचवून तो परत आला आणि अंगणातच नवराबायकोची जुंपली.

"डॉक्टरीणबाईंच्या घरून हत्यारं गुंडाळून आला होतास ना?" देआन्ना म्हणाली. "मग आता काय झालं?"

"तू त्यांचा चेहरा बघितला नाहीस."

"मी कोबा बघितला."

"शहाऐंशीचे आहेत ते. पुढच्या सान मार्तीनोची हमी तू देतेस का?"

दोघांचंही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टींतली एकच घ्यायची वेळ आली की माणूस बहुतेक वेळा आपल्या माणसाच्या बाजूची घेतो. मी फरशी, मी कोब्याच्या बाजूची घेतली असती.

हवाही कटात सामील झाली. नोव्हेंबर उजाडला तो कोवळं ऊन घेऊन. सान मार्तीनोच्या आगेमागे असे उबदार दिवस येतातच, त्यांना आम्ही सान मार्तीनोचा उन्हाळा म्हणतो. दारंखिडक्या सताड उघडी होती. लोरिस येताजाता वाकायचा आणि कोब्यावर तळहात ठेवून बघायचा.

"सुकला," एके दिवशी तो म्हणाला.

"तुझ्या हाताला सुकला," देआन्ना म्हणाली; पण फरशी उचलायची चौकट आणायला गेली ती तीच.

ही चौकट म्हणजे दोन लांब दांडे आणि त्यांना लावलेल्या रबरी वाट्या. वाट्या मला हवा शोषून धरतात, आणि मग मला वाकू न देता उचलता येतं. लोरिसनं कोब्यावर चिकट मसाला पसरला, दातेरी थापीनं त्यात सरळ रेघा ओढल्या आणि माझ्या पाठीलाही तसाच लेप दिला. रेघा दोन्हीकडं एकाच दिशेच्या, म्हणजे खाली हवा कोंडत नाही. "एक," देआन्ना म्हणाली. "दोन." आणि दोघांनी मिळून मला अलगद खाली टेकवलं. हाताचं काम म्हणाल तर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

माझी जागा होती स्वयंपाकघर आणि एर्मेसची खोली यांच्या मधल्या दारात. दोन खोल्यांचा कोबा आपापल्या अंगाला सरकतो, म्हणून अशा दाराखाली कोब्यात आणि फरशीत सांधा मोकळा सोडायचा असतो आणि वर पट्टी येते. पण एर्मेस पाय घासत चालतात, बोटभर उंचीची पट्टीही त्यांना आडवी आली असती. म्हणून लोरिसनं मला आरपार टाकलं, अर्धी स्वयंपाकघरात, अर्धी खोलीत. उंबरा नाही, पट्टी नाही.

"दिसतं मात्र देखणं," देआन्नानं कबूल केलं.

"आता गिऱ्हाइकांना हेच दाखवायचं," लोरिस म्हणाला. फरशीवाल्याचं घर हेच त्याचं दुकान. लोक येतात, वाकून वाकून सांधे बघतात आणि मग काम देतात.

सान मार्तीनोच्या दिवशी दुपारी लोरिसची गाडी अंगणात शिरली. एर्मेस कोटाची सगळी बटणं लावून, टोपी घालून उतरले. सामान म्हणजे एक सूटकेस आणि एक आरामखुर्ची. देआन्नानं चेस्टनट भाजले होते, छोट्या गोल भाकऱ्या करून त्यांत लसूण घातलेली चरबी भरली होती. नवी वाइन फोडली होती. वाइनेरही आला होता. फुकटची वाइन असली की त्याला आमंत्रण लागत नाही.

एर्मेस पायपुसण्यावर बूट घासत राहिले, घासतच राहिले.

"काका, बुटाचा तळ झिजेल," वाइनेर म्हणाला. "आत या आता."

ते आले, टेबलाला वळसा घालून माझ्यावर उभे राहिले आणि खोलीत बघून म्हणाले, "पोचलो."

लोरिसनं तोंड फिरवलं आणि चुलीतली लाकडं उगाच पुढंमागं केली. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्याला त्या वेळी वाटत होतं. माझ्या पाठीला कोब्याचा ओलावा लागत होता. पण मला कुणी विचारलं नाही.

"लोरिस," वाइनेर चेस्टनट चघळत म्हणाला, "कोबा तापवून घेतलास तो कधी? मला बोलावलं नाहीस."

"चेस्टनट खा, वाइनेर."

"नाही, बॉयलर मी बसवलाय म्हणून विचारलं..."

"वाइनेर, वाइन घे," देआन्ना म्हणाली.

वाइनेरनं वाइन घेतली. काय समजायचं ते तो समजला आणि त्यानं आणखी एक चेस्टनट सोलला.

लोरिसचा बेत असा होता की चुलीवर काही आठवडे भागवायचं, कोब्याला आणखी सुकू द्यायचं आणि मग ताप अगदी कणाकणानं चढवायचा. कदाचित निभावलंही असतं. पण नोव्हेंबर संपायच्या आत डोंगरावर बर्फ उतरलं. चूल स्वयंपाकघरात होती, एर्मेसच्या खोलीत नव्हती.

एर्मेस तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. ब्रेडचा तुकडा उचलायच्या आधीसुद्धा ते सुनेकडं बघायचे. एकदा देआन्ना चिडून म्हणाली, "बाबा, हात लावा की! परक्याच्या दारात आहात का?" तर ते "नाही, नाही" म्हणाले, आणि ब्रेड तसाच ठेवून दिला.

एका सकाळी लोरिस कामावर गेल्यावर देआन्ना त्यांचं अंथरूण आवरायला आली. एर्मेस पांघरुणातच होते. अंगात कोट होता.

"बाबा, कोट घालून झोपलात?"

"काढायचा कंटाळा आला."

तिनं त्यांचे हात हातात घेतले. हात गारठून गेले होते. कोब्यासाठी नवऱ्याशी भांडलेली हीच बाई. तरातरा बॉयलरकडं गेली आणि जमिनीखालचा ताप एकदम होता नव्हता तेवढा वर चढवला. मी तिला दोष देत नाही. कोटात झोपलेला म्हातारा समोर दिसत असताना कोब्याची आठवण कुणाला राहते?

नळ्यांतून गरम पाणी धावलं. खोलीतला कोबा एका अंगाला निघाला, स्वयंपाकघरातला दुसऱ्या, आणि मधे मी, दोघांनाही पाठीनं धरून. काही वेळ मी धरून ठेवलं. दुपारच्या जेवणाआधी टक् असा कोरडा आवाज झाला आणि दाराच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत माझ्या अंगावर वाकडी भेग पडली.

नेमके तेव्हाच एर्मेस काठी टेकत माझ्यावरून चालले होते. ते जागीच थिजले. वाकून त्यांनी भेग बघितली. देआन्ना मागच्या अंगणात लाकडं आणायला गेली होती. घरात कुणी नाही याची त्यांनी खात्री केली, पलंगाशेजारची छोटी सतरंजी ओढत आणून माझ्यावर टाकली, पायानं सारखी केली आणि खुर्चीत जाऊन बसले.

मला याची गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही. शहाऐंशी वर्षांचा माणूस लहान पोरासारखा भ्यालेला होता. मालकाच्या घरात एखादी काच फुटली तरी कारभारी तेव्हा काही बोलायचा नाही. लक्षात ठेवायचा आणि नोव्हेंबरात बाहेर काढायचा. एर्मेस ते विसरलेले नव्हते.

सतरंजी काही दिवस तशीच राहिली. देआन्नाला वाटलं, पायाला गार लागतं म्हणून टाकली असेल. मग एका रविवारी सगळे जेवायला बसत असताना एर्मेस खोलीतून आले आणि त्यांची काठी सतरंजीवर टेकली. आवाज पोकळ आला. फरशीवाल्याच्या कानाला पोकळ आवाज ठणकत्या दाढेसारखा लागतो. लोरिस चमचा ठेवून उठला आणि त्यानं सतरंजी उचलली.

"मी काठी जोरात टेकली," एर्मेस घाईनं म्हणाले. "भरून देईन मी."

"बाबा, काठीनं ही तडकत नाही."

"माझ्याच काठीनं तडकली. मी तिथंच होतो."

"मी ताप एकदम वर चढवला," देआन्ना म्हणाली. "तुम्ही काकडला होतात."

"आणि मी कोबा न तापवता बसवली," लोरिस म्हणाला. "चूक माझी आहे. ऐकताय ना, बाबा?"

एर्मेसनी मान हलवली, पण पटलं त्यांना काही नाही. ते ज्या घरांत वाढले तिथं काही मोडलं तर चूक राहणाऱ्याची असायची, बांधणाऱ्याची कधीच नाही.

लोरिस उपडा झोपून इंच इंच ठोकत गेला. दोन्ही खोल्यांत भेगेच्या अल्याडपल्याड रुंद पट्टा पोकळ झाला होता. यावर खरा इलाज एकच. सगळ्या फरश्या फोडून काढायच्या, कोबा रीतसर तापवायचा आणि पुन्हा बसवायच्या. तोवर खोलीत राहता येणार नाही, आणि उभा जिना एर्मेसना चढवत नाही. दुसरीकडं, फोडल्या नाहीत तर पिढ्यान्‌पिढ्या फरशी ओळखणाऱ्या त्या मुलखात हसं होणार. वाइनेर तर बघताक्षणी म्हणाला, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." तो गमतीनं म्हणाला, पण लोरिस दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. आयुष्यात त्यानं कमावलं होतं ते एवढंच नाव.

शेवटी तो वडिलांसमोर बसला. "बाबा, दोनच महिने. ईस्टरच्या आत तुम्हाला परत आणतो. तोवर खाली आश्रमात..."

"बरं," एर्मेस म्हणाले.

एवढ्या चटकन ते कधी कशाला बरं म्हणाले नव्हते. देआन्नानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

ठरल्या सकाळी लोरिसनं फरशी कापायचं यंत्र आणून माझ्याशेजारी ठेवलं. आता आपल्याला कापणार हे कळल्यावर मला काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. मग तो वडिलांना हाक मारायला खोलीकडं वळला आणि दारातच, माझ्यावर, थांबला.

खोली झाडून लख्ख केली होती. गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली. चादरींच्या घड्या आरामखुर्चीवर. खिडकीच्या काचा पुसलेल्या. दाराची किल्ली बाहेरच्या बाजूनं कुलपाला लावून ठेवलेली. आणि एर्मेस पलंगाच्या उघड्या लोखंडी कडेवर कोटटोपी घालून, सूटकेस मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, काचा कशाला पुसल्यात?"

"घर सोडताना साफ करून सोडायचं. पुढच्यानं नाव ठेवता कामा नये."

"पुढचा कोण? तुम्हीच परत येणार आहात."

"हो, हो," एर्मेस त्याची समजूत घालत म्हणाले. "कारभारीही असंच म्हणायचा. छप्पर दुरुस्त करतो, मग या म्हणायचा. तुझ्या आजोबांनी दोनदा विश्वास ठेवला. तो काही वाईट माणूस नव्हता, लोरिस. तूही नाहीस. मला राग नाही. चल, उशीर नको."

लोरिस हलला नाही. आपण आपल्या बापाचे कारभारी झालो, हे त्याला तिथं, माझ्यावर उभं असताना कळलं. तो खाली बसला, त्याच कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर, आणि हमसून हमसून रडला. देआन्ना धावत आली. मग त्यानं हात लांब करून यंत्राची वायर भिंतीतून ओढून काढली.

"कोट काढा, बाबा."

"गाडी काढलीस ना?"

"गाडी नाही न् काही नाही. फरशी अशीच राहील."

"फुटकी? फरशीवाल्याच्या घरात? लोक हसतील रे."

"हसू देत."

"तुझी गिऱ्हाइकं येतात बघायला."

"येऊ देत. भेग बघून जातील. देआन्ना, गादी सोड त्यांची."

एर्मेस बराच वेळ त्याच्याकडं रोखून बघत राहिले. कारभारी 'राहा' म्हणाला तर तो खरंच तसं म्हणाला ना, हे त्यांचे वडील असंच बघत असतील. मग त्यांनी टोपी काढली.

"हे आधी सांगायचंस," ते म्हणाले. "काचा पुसून पुसून माझा खांदा गेला."

देआन्ना रडता रडता हसली. एर्मेस उठले, दाराजवळ गेले, बाहेरून लावलेली किल्ली काढली आणि खिशात टाकली.

त्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. लोरिसनं मला बारीक छिद्रं पाडून खालच्या पोकळीत डिंकासारखा मसाला भरला. भेग करड्या रंगानं बुजवली. वाइनेर रोज येऊन ताप थोडा थोडा चढवत गेला, अगदी आधी करायला हवं होतं तसा, आणि प्रत्येक दिवशी त्याबद्दल काहीतरी बोलून गेला. तरी भेग दिसतेच. चित्र छापलेल्या दगडावर ती तेवढी खरी आहे. गावात वाइनेर सांगत सुटतो, "लोरिसकडं काम द्या, भेग तो फुकट देतो." एक बाई बघायला आल्या, भेग पाहिली आणि फोन करते म्हणून गेल्या त्या गेल्याच. लोरिसला ते लागतं. तो नाही म्हणत असला तरी लागतं.

माझं म्हणाल तर मी धड जुळलेलीही नाही आणि धड मोडलेलीही नाही. एर्मेस आहेत तोवर मी आहे. ते गेले की लोरिस मला फोडून काढेल आणि नवी बसवेल. त्यानं तसंच करावं, त्यात मला वावगं वाटत नाही. तुमच्याकडं मागणं एवढंच, की कधी पोटात नळ्या घालून कोबा केलात तर त्याला आधी त्याचा त्याचा तापू द्या. आम्हाला घाई नसते. घाई माणसांना असते, आणि त्या घाईला कधीकधी कारणही बरं असतं. म्हणून तर सांगावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात एक तरुण जोडपं आलं होतं. बाहेर बर्फ पडत होतं. नवरा वाकून वाकून सांधे बघत माझ्यापाशी आला आणि थांबला.

"इथं भेग आहे," तो म्हणाला.

लोरिसनं सांगायला तोंड उघडलं, पण आवाज एर्मेसच्या खोलीतून आला.

"ती माझी आहे. माझ्यापायी घाई झाली. माझ्या मुलाचा हात चांगला आहे. तुम्ही फक्त त्याच्यामागं घाईचा धोशा लावू नका."

त्याची बायको अंगणाच्या दारातच उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. ती हसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथलेच का?"

या प्रश्नाला एर्मेस आयुष्यभर कुठल्यातरी मालकाच्या शेताचं नाव सांगत आले होते. लोरिस आणि देआन्ना दोघंही त्यांच्याकडं बघत राहिले. मीही वाट पाहत होते, हे कबूल करते.

"इथलाच," एर्मेस म्हणाले. "आणि ते दार आधी लाव, पोरी. माझ्या घरातली ऊब बाहेर चाललीय."